कुमार शहानी : एका निर्वासिताची चित्रसाधना

(बी. ए. भाग २)

आपल्याकडे चित्रपट म्हटला की गाणी, मारामाऱ्या आणि गोड शेवट हे समीकरण ठरून गेलेले आहे. तिकिटाचे पैसे वसूल झाले की नाही, एवढीच आपली समीक्षा. मीही काही यापेक्षा वेगळी नव्हते. आमच्या गावी गणेशोत्सवात पडदा बांधून चित्रपट दाखवीत. पोत्यावर बसून, मायच्या मांडीवर डोके ठेवून मी जे काही पाहिले तेवढाच माझा चित्रपटाचा अभ्यास. अशा मुलीने एका अवघड समजल्या जाणाऱ्या दिग्दर्शकावर लेख लिहावा हे धाडसच म्हटले पाहिजे. ते का करावेसे वाटले, हे आधी सांगते.

मागील वर्षी एका शनिवारी आमच्या सरांनी वर्गातच संगणकावर 'तरंग' हा १९८४ सालचा हिंदी चित्रपट दाखविला. स्मिता पाटील आणि अमोल पालेकर आहेत म्हणून आम्ही वीस-पंचवीस जण बसलो. तासाभरात निम्मे उठून गेले. चित्रपट तीन तासांना थोडाच कमी, चाल संथ, पात्रे मोजूनमापून बोलणारी. मलाही मध्ये एक डुलकी लागली हे प्रांजळपणे कबूल करते. शेवटी उरलेल्या सहा-सात जणांना सरांनी विचारले, "हा जो शेवटचा प्रसंग तुम्ही पाहिला, त्याचे मूळ कुठे आहे?" कोणीच बोलेना. तेव्हा सर म्हणाले, "मूळ ऋग्वेदात आहे. पण दिग्दर्शकाला तिथवर नेले ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या लेखाने. आणि या कोसंबींच्या वडिलांनी देह ठेवला तो इथे, आपल्या सेवाग्रामात."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. ज्या रस्त्याने मी रोज एस.टी.तून उतरून चालत येते, त्या रस्त्याचा आणि त्या संथ, न कळलेल्या चित्रपटाचा काही संबंध असू शकतो, ही कल्पनाच मला नवी होती. म्हणून मी शोध घेऊ लागले. जे हाती लागले ते येथे मांडते आहे.

कुमार शहानी यांचा जन्म ७ डिसेंबर १९४० रोजी सिंध प्रांतातील लारकाना येथे झाला. मोहेंजोदारोचे प्राचीन अवशेष आहेत तो हाच मुलूख. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंध पाकिस्तानात गेला. लाखो सिंधी हिंदूंनी घरेदारे सोडली. शहानी कुटुंबही मुंबईस आले. त्या वेळी कुमार सहा-सात वर्षांचे होते. महाराष्ट्राला हे निर्वासित परके नाहीत. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे पुढे उल्हासनगर झाले, नागपुरात जरीपटका वसला. विदर्भातल्या बाजारपेठांतूनही सिंधी दुकाने आपण पाहतोच. पण दुकानात उभे राहून कापड मोजून घेताना या माणसांनी मागे काय सोडले असेल, हा विचार निदान मी तरी कधी केला नव्हता.

पंजाबी आणि बंगाली निर्वासितांना भारतात आपल्या भाषेचा एकेक तुकडा तरी मिळाला. सिंध्यांना प्रांतच उरला नाही. ज्या भाषेत आई हाक मारते त्या भाषेच्या पाट्या कोठल्याही रस्त्यावर नाहीत, अशी ही अवस्था. शहानींच्या पुढील सर्व कामाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मात्र एक नवल आहे. आपल्या घराच्या आठवणीवर, फाळणीच्या रक्तपातावर त्यांनी एकही कथाचित्रपट काढला नाही. घर गेलेला माणूस घराबद्दल रडेल अशी आपली अपेक्षा असते. यांनी मात्र निराळाच प्रश्न हाती घेतला. ज्या समाजात आपण येऊन पडलो तो मुळात घडला कसा? तो कोणाच्या श्रमावर उभा आहे, आणि त्याच्या जुन्या कथा आजही त्याच्या आत कशा हालचाल करीत असतात? माझ्या समजुतीप्रमाणे शहानींच्या साऱ्या कारकीर्दीचा गाभा हाच आहे.

मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी घेऊन ते पुण्यास आले. (आपल्यासारखेच बी.ए., हे वाचून मला उगीचच बरे वाटले!) पुण्यात 'प्रभात'च्या जुन्या आवारात १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली होती. तेथे १९६५ च्या सुमारास ऋत्विक घटक हे बंगाली दिग्दर्शक उपप्राचार्य म्हणून आले. घटक हे १९२५ साली ढाक्यात जन्मलेले. फाळणीने त्यांचा पूर्व बंगाल परदेश झाला. ती जखम त्यांनी 'मेघे ढाका तारा', 'कोमल गांधार' आणि 'सुवर्णरेखा' या चित्रपटांतून उघडी करून दाखविली. संस्थेत ते फार काळ राहिले नाहीत. पण तेवढ्यात कुमार शहानी, मणी कौल, जॉन अब्राहम असे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. गुरू पूर्वेकडचा निर्वासित आणि शिष्य पश्चिमेकडचा निर्वासित, आणि दोघांची भेट व्हावी मराठी मुलखात, हा योग मोठा विलक्षण होय.

पुण्यातच शहानींना दुसरे गुरू लाभले, ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. व्यवसायाने गणिती, पण भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशाच बदलून टाकणारा हा पुरुष. डेक्कन क्वीनने मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेत जावे आणि सवड मिळाली की पुण्याच्या आसपासची खेडी, टेकड्या, लेणी पायी तुडवावीत, हा त्यांचा परिपाठ. शेंदूर फासलेला दगड, म्हसोबा, बोल्हाई, जत्रेचा मार्ग यांत त्यांना हजारो वर्षांचा इतिहास वाचता येत असे. इतिहास केवळ राजांच्या सनावळीत नसतो, तो नांगरात, जात्यात आणि बायकांच्या व्रतांतही असतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा 'मिथ अँड रिॲलिटी' हा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. १९६६ च्या जूनमध्ये ते वारले.

आता सेवाग्रामचा धागा. दामोदर कोसंबींचे वडील धर्मानंद कोसंबी हे गोव्यातील साखवाळचे. बुद्धाच्या शोधात त्यांनी तरुणपणी घर सोडले, पाली भाषेचे महापंडित झाले, अमेरिकेत हार्वर्डला शिकविले. आयुष्याच्या अखेरीस अन्नत्याग करून देह ठेवावा असे त्यांनी ठरविले, आणि सेवाग्राम आश्रमात ४ जून १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. गांधीजी त्या वेळी आश्रमात नव्हते. १९४६ च्या ऑगस्टमध्ये ते येथून गेले ते परत आलेच नाहीत. धर्मानंदांनी येथे डोळे मिटल्यावर अडीच महिन्यांच्या आतच देश दुभंगला. त्या दुभंगाने लारकान्याचे एक मूल उचलून मुंबईत आणले, आणि वीस वर्षांच्या आतच ते मूल धर्मानंदांच्या मुलाकडून इतिहास शिकत होते. हे कोणी जुळवून आणले नव्हते. तरीही बापूकुटीसमोरून जाताना आता मला हे आठवल्यावाचून राहत नाही.

पुण्यानंतर फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून शहानी पॅरिसला गेले. तेथील 'इडेक' या संस्थेत ते शिकले आणि रोबेर ब्रेसाँ या श्रेष्ठ दिग्दर्शकाच्या हाताखाली 'उन फाम दूस' या १९६९ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचे सहायक म्हणून काम केले. दस्तयेव्हस्कीच्या कथेवरील हा चित्रपट. ब्रेसाँ हे नटांना अभिनय करू देत नसत. डोळे फिरवणे, गळा काढणे, हुंदके देणे हे सारे त्यांना वर्ज्य. हाताची एक हालचाल, दाराचा एक आवाज, एवढ्यावर ते प्रसंग उभा करीत. १९६८ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये विद्यार्थी आणि कामगार यांचा प्रचंड उठाव झाला. तो काळही शहानींनी तेथेच पाहिला. घटक, कोसंबी आणि ब्रेसाँ, असे हे त्यांचे तीन गुरू. पहिल्याने दुःखाला सूर देणे शिकविले, दुसऱ्याने त्या दुःखाची कारणे शोधणे, आणि तिसऱ्याने संयम.

परत आल्यावर १९७२ साली त्यांचा पहिला मोठा चित्रपट तयार झाला : 'माया दर्पण'. निर्मल वर्मा यांच्या कथेवरचा. पैसा सरकारच्या चित्रपट वित्त महामंडळाने कर्जाऊ दिला. त्या वेळी हे महामंडळ नवोदितांना अल्प खर्चाच्या चित्रपटांसाठी कर्ज देऊ लागले होते. मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' (१९६९) आणि मणी कौल यांचा 'उसकी रोटी' (१९७०) हे त्याच योजनेतून आले. 'माया दर्पण'चे छायाचित्रण के. के. महाजन यांचे, आणि संगीत आपल्या भास्कर चंदावरकरांचे.

कथा म्हणावी तर दोन ओळींची. जुन्या जमीनदारी थाटाच्या एका घरात वडील आणि आत्या यांच्यासोबत तरन नावाची अविवाहित मुलगी राहते. भाऊ वडिलांशी पटले नाही म्हणून दूर आसामात निघून गेलेला आहे. गावात कामासाठी आलेल्या एका इंजिनियरशी तिची ओळख होते. घरात राहावे की निघून जावे, हा तिच्यापुढचा प्रश्न. बस्स. पण शहानी हा प्रश्न संवादांतून मांडीत नाहीत, रंगांतून मांडतात. त्या वाड्याच्या भिंती, कोरडी माती, साड्यांचे रंग, आणि हळूहळू उमटत जाणारे बाहेरचे हिरवे जग यांतून त्या मुलीच्या मनाची हालचाल आपल्याला कळत जाते. ती खोल्यांतून फिरते आणि कॅमेरा तिच्यासोबत संथपणे फिरतो. आपल्यापैकी ज्या मुलींनी दुपारच्या वेळी रिकाम्या घरात एकटीने काढलेले तास अनुभवले आहेत, त्यांना ही चाल समजावून सांगण्याची गरज नाही.

या चित्रपटाला हिंदीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तथापि सर्वांनी त्याचे स्वागत केले असे नव्हे. खुद्द सत्यजित राय यांनी सत्तरच्या दशकातील एका लेखात त्यावर कठोर टीका केली. राय यांच्यासारख्यांनाही जो चित्रपट रुचला नाही तो आपल्याला जड वाटला तर त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु एवढ्यावरून तो टाकाऊही ठरत नाही.

यानंतरची बारा वर्षे शहानींना मोठा चित्रपट काढता आला नाही. बारा वर्षे! मूल जन्मून सातवीत जाईल एवढा काळ. कारण उघड होते. असे चित्रपट दाखवायला चित्रपटगृहे तयार नसत. प्रदर्शन नाही म्हणून उत्पन्न नाही, उत्पन्न नाही म्हणून कर्जाची फेड नाही, आणि मग पुढचे कर्ज कोण देणार? १९७६ साली संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीनेही वित्त महामंडळाच्या या कलात्मक चित्रपटांच्या धोरणावर टीका केली. आमच्याकडे शेतकऱ्याचे जे होते तेच येथे झाले. पीक काढायला कर्ज मिळते, पण ते विकायला बाजार नसतो.

हा काळ त्यांनी कसा घालविला ते पाहण्यासारखे आहे. होमी भाभा अभ्यासवृत्ती घेऊन त्यांनी महाकाव्याच्या परंपरेचा अभ्यास केला. महाभारत, बौद्ध शिल्पे, अभिजात संगीत आणि भक्ती चळवळ हे त्यांचे विषय होते. त्यांना शोधायचे होते ते असे की, आपल्या मातीत गोष्ट सांगण्याची जी जुनी रीत आहे ती चित्रपटाला देता येईल काय?

ही रीत म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळले नाही, आमच्या गावच्या पोथीतून कळले. श्रावणात आमच्याकडे पोथी लागते. शेवटी कोण जिंकणार, कोण मरणार, हे ऐकणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक असते. तरी सारे येऊन बसतात. कारण 'पुढे काय झाले' यासाठी ते आलेलेच नसतात. वाचणारा एका ओवीवर थांबतो, अर्थ सांगतो, गावातलाच एखादा दाखला देतो, मागच्या अध्यायात जाऊन येतो. घाई कोणालाच नसते. नेहमीचा चित्रपट आपल्याला 'पुढे काय' या दोरीने ओढत नेतो. शहानींनी ती दोरी सोडून दिली आणि पोथीची रीत धरली. ती दोरी हातात नसल्यामुळेच आमच्या वर्गातील मुले 'तरंग'मधून उठून गेली असावीत. पोथीला बसलेली हीच मुले उठून जात नाहीत, हे मात्र विसरता कामा नये.

'तरंग' १९८४ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशातून पुरा झाला. डॉ. श्रीराम लागू यांनी रंगविलेले वृद्ध उद्योगपती, त्यांचा महत्त्वाकांक्षी जावई राहुल (अमोल पालेकर), मुलगी हंसा, पुतण्या (गिरीश कार्नाड) असे हे श्रीमंत कुटुंब. दुसरीकडे कामगार, त्यांचे संघ, त्यांतील फाटाफूट. या दोन जगांच्या मध्ये उभी आहे जानकी. कामगाराची विधवा असलेली ही बाई मालकाच्या घरात मूल सांभाळायला राहते. ही भूमिका स्मिता पाटील यांची. राहुल आणि जानकी यांचा संबंध जुळतो, घर आतून पोखरत जाते, हंसाचा अंत होतो आणि जानकीला बाहेर काढले जाते. १९८२ साली मुंबईत सुरू झालेला गिरणी संप ज्यांच्या आठवणीत ताजा होता, त्या प्रेक्षकांना हे मालक-कामगारांचे जग दूरचे वाटले नसणार.

आणि मग येतो तो शेवटचा प्रसंग. पुलावर राहुल जानकीला गाठतो, विनवितो. ती थांबत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा आणि उर्वशी यांचा संवाद आहे. राजा विनवितो, अप्सरा नकार देऊन निघून जाते. कालिदासापासून सर्वांनी यात विरहाची प्रेमकथा पाहिली. कोसंबींनी मात्र या संवादामागे फार जुन्या, मातृसत्ताक समाजाच्या खुणा पाहिल्या. स्त्री देवता होती आणि पुरुषाचा बळी जात असे, त्या काळातील विधीची ही उरलेली स्मृती आहे, अशी त्यांची मांडणी. शहानींनी ती उर्वशी मुंबईच्या पुलावर आणून उभी केली, आणि तिला मोलकरणीचे रूप दिले. ज्या बाईला सर्वांनी वापरले, तीच शेवटी कोणाच्याही हाती न लागणारी ठरते. हे कळल्यावर मी तो प्रसंग पुन्हा पाहिला. डुलकी लागली नाही.

यानंतरचे काम थोडक्यात सांगते. १९८९ साली 'खयाल गाथा' आला. हा धड कथाचित्रपट नव्हे, धड माहितीपटही नव्हे. खयाल गायकीचा इतिहास, तिच्याभोवतीच्या दंतकथा आणि ग्वाल्हेर घराण्याचे सूर यांत गुंफलेले आहेत. रॉटरडॅमच्या महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. शहानी स्वतः या घराण्याचे गाणे शिकले होते. ही गायकी एकेकाळी आपल्यालाही परकीच होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती ग्वाल्हेरहून महाराष्ट्रात आणली, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ती देशभर नेली, आणि आश्रमाच्या प्रार्थनेतील रामधुनीची प्रचलित चाल पलुसकरांचीच मानली जाते. म्हणजे जे आपण 'आपले' म्हणून सकाळ-संध्याकाळ ऐकतो तेही प्रवास करीतच येथे पोहोचले आहे.

१९९० साली त्यांनी चेकॉव्हची एक दीर्घकथा हिमाचलातील कांगडा खोऱ्यात आणून 'कस्बा' काढला. भेसळ आणि खोट्या पैशांवर भरभराटलेल्या एका व्यापारी कुटुंबाची ही गोष्ट. तीत शत्रुघ्न सिन्हा आणि मीता वसिष्ठ आहेत. १९९१ साली ओडिसी नृत्याचे गुरू केलुचरण महापात्र यांच्यावर 'भवान्तरण' आला. १९९७ साली रवीन्द्रनाथांच्या १९३४ मधील कादंबरीवर 'चार अध्याय' आला. देशासाठी हाती शस्त्र घेतलेल्या तरुणांची माणुसकी त्या वाटेवर कशी झिजत जाते, हा तिचा विषय. साध्य चांगले असले तरी साधन कसेही चालेल काय, हा प्रश्न सेवाग्रामात राहणाऱ्याला नवा नाही. २००० साली बासरीवरचा 'द बांबू फ्लूट' आला. १९९८ साली नेदरलंड्समधील प्रिन्स क्लाउस पुरस्काराने त्यांचा गौरव झाला, आणि २०१५ साली त्यांचे निबंध 'द शॉक ऑफ डिझायर' या नावाने ग्रंथरूपात आले. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी कोलकात्यात, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लारकाना, मुंबई, पुणे, पॅरिस आणि अखेर गुरू घटकांच्या बंगालात शेवट, असा हा प्रवास.

हिशेब मांडला तर अर्धशतकात कथाचित्रपट किती? एका हाताची बोटे पुरतात. हे सारे मी एकदा घरी सांगत होते. माझे बाबा सालदार. शाळेची पायरी त्यांनी चढलेली नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग त्याचे शिनेमे पाह्यले कोनं?"

या प्रश्नाला माझ्यापाशी चटकन उत्तर नव्हते, आणि आजही पूर्ण उत्तर नाही. सरकारच्या, म्हणजे लोकांच्या पैशातून काढलेले चित्रपट लोकांपर्यंत पोहोचले नाहीत, हे खरे आहे. कामगारांवरचा 'तरंग' किती कामगारांनी पाहिला असेल? दोष चित्रपटगृहवाल्यांचा, वितरकांचा की दिग्दर्शकाचाही थोडा? शहानींविषयी आदर बाळगूनही मला वाटते की हा प्रश्न टाळता येत नाही. आपल्याच पोथीच्या रीतीने गोष्ट सांगणारा माणूस पोथी ऐकणाऱ्यांपर्यंत जाऊ नये, ही त्याच्या कारकीर्दीतील सर्वांत मोठी खंत आहे.

पण एक अनुभव सांगते. दिवाळीच्या सुट्टीत मी 'तरंग'चा काही भाग घरी भ्रमणध्वनीवर पाहत होते. माय निंदणाहून आली होती. चूल पेटविता पेटविता ती अर्धा तास माझ्या शेजारी बसली. तिला कथा ठाऊक नव्हती, हिंदीही अर्धवटच कळते. जानकीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "मोठ्या घरात कामाले गेलेली बाई असंच सारं पाह्यते, पन बोलत नाही." आणि भाकरी थापायला उठून गेली. वर्गातून उठून गेलेल्या आम्हा शिकलेल्या मुलांपैकी कोणाच्याही नजरेला हे आले नव्हते. तेव्हापासून 'हे आपल्या लोकांना कळणार नाही' असे कोणी म्हटले की मला ते पटेनासे झाले आहे. आधी दाखवा तर खरे, असे म्हणावेसे वाटते.

माझ्यासारख्या पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलामुलींची स्थितीही एका परीने निर्वासितासारखी असते. घरी आपण 'शिकलेल्या' म्हणून वेगळ्या पडतो आणि येथे 'खेड्यातल्या' म्हणून. पुस्तकांतली भाषा आपल्या घरची नसते. अशा वेळी दोनच मार्ग दिसतात. एक म्हणजे सर्वांसारखे बोलायला शिकून मुकाट्याने बसावे, आणि दुसरा म्हणजे परत जावे. शहानींच्या आयुष्यात मला तिसरा मार्ग दिसला. ज्या घरात आपण नव्याने आलो त्याचा पाया खणून पाहावा, ते कोणी बांधले ते विचारावे. मग त्या पायात आपल्याही आजा-पणज्यांच्या हातचे दगड सापडतात. सिंधमधून आलेल्या मुलाला ऋग्वेद, खयाल, रवीन्द्रनाथ आणि पुण्याच्या टेकड्यांवरचे शेंदरी दगड हे सारे आपले करता आले. त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागली नाही, अभ्यास मात्र जन्मभर लागला.

जाता जाता एक विनंती. आपल्या महाविद्यालयात या वर्षी 'माया दर्पण' दाखवावा. जमिनीवर सतरंजी घालावी, आणि गावातील बायांनाही बोलवावे. कोणी उठून गेले तर जाऊ द्यावे. जे बसतील त्यांना शेवटी फक्त विचारावे, तुम्ही काय पाहिले? बाबांच्या प्रश्नाचे थोडेसे उत्तर तरी त्यातून मिळेल. माझ्या या लिखाणात उणिवा राहिल्या असतील, त्या जाणत्यांनी दाखवून द्याव्यात.